"पुढे नाही..."

खरं वाटो न वाटो, हे माझ्या क्लेमेंट काकांच्या बाबतीत घडलंय. १९३१ चा जानेवारी. लंडनबाहेरचा एक स्टुडिओ. तेही भर दुपारी.

बोलपट तेव्हा नवे होते. काका काचेच्या खोलीत बसून, कानांना हेडफोन लावून आवाज घ्यायचे. खुनाच्या एका गाजलेल्या नाटकावर चित्रपट निघत होता. नायिका नाटकातलीच होती... डॉर्कस काकू, काकांची बायको.

सेट तयार होता, म्हणून दिग्दर्शकाने शेवटचा प्रवेश पहिल्याच दिवशी घ्यायचं ठरवलं.

काकू पांढऱ्याफटक पडल्या.

"क्लेम, समोर प्रेक्षक नसताना नाटकाचं शेवटचं वाक्य बोलत नाहीत रे. तालमीतसुद्धा नाही. टॅप्ली तिथंच अडवायचे, 'पुढे नाही' म्हणून."

टॅप्ली म्हणजे नाटकाचे म्हातारे प्रॉम्प्टर. नाताळातच वारले होते.

"अगं, हा सिनेमा आहे," काका हसले. "इथे आधी बारसं, मग लग्न!"

लाल दिवा लागला. सगळे चिडीचूप.

काकूंनी वाक्यासाठी श्वास घेतला...

आणि काकांच्या कानात कुणीतरी खोकलं.

"पुढे नाही..."

काकांनी टेक थांबवला. मायक्रोफोन फुलदाणीत लपवला होता. त्याच्याजवळ फक्त काकू होत्या.

दुसऱ्यांदाही तेच.

"पुढे नाही, पोरी..."

दिग्दर्शक काकांवर भडकला. "गार्साइड, कान तपासून घे! नाहीतर बायकोला घेऊन घरी जा. मला दुसरी नटी मिळेल."

काकूंची ही चित्रपटातली पहिलीच भूमिका होती. त्यांनीच काकांना मानेने खुणावलं, चालू दे.

तिसऱ्यांदा कानात काहीच आलं नाही.

नुसती शांतता... कुणीतरी उठून गेल्यासारखी.

काकू बोलल्या, "दार लावून घ्या. आता कुणी यायचं नाही."

वाक्य झकास आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात काकूंना ताप भरला. चित्रपट पुरा व्हायच्या आत त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. असेलही. उरलेले प्रवेश दुसऱ्या नटीकडून पाठमोरे करून घेतले.

काकांनी मरेपर्यंत घराचं दार कधी लावलं नाही. ऐन थंडीतही नाही.

शेजारीण ओरडायची, "चोरांना आवतण देताय का?"

"असू दे," काका म्हणायचे. "येईल कुणीतरी."

आता त्या घरात मी राहतो. काकांसाठी म्हणून रात्री दार उघडंच ठेवतो. मला भीती वाटते, तरी ठेवतो.

सकाळी ते लावलेलं असतं...

आतून.