सव्वातीनचा तास

मी शिकवणं का सोडलं, हे तुम्ही आता तिसऱ्यांदा विचारताय, म्हणून सांगते. बसा. दिवा राहू दे तसाच.

सुरुवात झाली ती एका खरेदीपासून. गेल्या जानेवारीत दिपेशशेठ भोईरांचा फोन आला. मोरिवलीचं जुनं आगरी घर. जमिनी आधी कारखान्यांत गेल्या, मग टॉवरांत, आणि आता चिखलोलीला त्यांचा तीन मजली बंगला उठला होता. कुठल्याशा हॉटेलात त्यांनी आपोआप वाजणारा पियानो पाहिला होता. समोर माणूस नाही, पट्ट्या आपल्या खाली-वर होतायत आणि लोक मोबाइल धरून उभे. तसाच त्यांना हॉलमध्ये हवा होता. त्यातलं कळणारं माणूस त्यांच्या ओळखीत एकच होतं, मी.

नाही म्हणायला हवं होतं. पण उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वर माझ्या क्लासची खोली होती, ती दिपेशशेठांची. आणि त्यांची मुलगी तेजस्वी माझ्याकडे आठ वर्षं शिकली होती. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. मी गेले.

मुंबईच्या त्या दुकानात आम्ही तिघं होतो. शेठ, त्यांची बायको भावना आणि मी. दुकानातला अल्पेश नावाचा तंत्रज्ञ मन लावून समजावत होता. कंपनीतूनच यंत्र बसवून येणारा पियानो घ्या, नाहीतर साध्या पियानोला मागाहून यंत्र जोडून घ्या, असे दोन रस्ते. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाखाली एक छोटं विद्युतचुंबक असतं. टॅबलेटवर गाणं निवडलं की ते पट्टीला मागून उचलतं, पुढून पट्टी खाली जाते, आत हातोडी खऱ्या तारेवर पडते. आवाज स्पीकरचा नसतो, पियानोचाच असतो. स्वस्त यंत्राला हळू आणि जोरात एवढाच फरक कळतो, चांगल्याला बोटाचा ओझरता स्पर्शही जमतो. मी वाकून ऐकत होते. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती.

मग तो म्हणाला की महागड्या मॉडेलमध्ये पट्ट्यांखाली सेन्सर असतात. कोणी वाजवलं की कुठली पट्टी केव्हा, किती वजनाने दाबली, सगळं साठतं. नंतर पियानो ते जसंच्या तसं वाजवून दाखवतो.

"जो वाजवेल तो यात राहतो, मॅडम," तो म्हणाला. विकायचं वाक्य होतं ते.

त्याने विचारलं, घरात वाजवतं कोण. शेठ म्हणाले, कोणी नाही, म्हणून तर हा घेतोय. मी घाईने म्हटलं, मग सेन्सरवाला कशाला, नुसता वाजणारा पुरे. हात पदरात गुंडाळून भावना एका पियानोच्या काळ्या पॉलिशमध्ये स्वतःकडे बघत होती.

"यो घ्या," ती म्हणाली. "राहतो बोलतात तो."

शेठांना सगळ्यात भारी तेच हवं होतं. तोच घेतला.

आता तेजस्वीचं सांगायला हवं.

अकरा वर्षांची असताना ती आली. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी सव्वातीनला. माझ्याकडे एका बंद पडलेल्या शाळेतून आणलेला जुना उभा पियानो होता, त्यावर ती शिकली. डाव्या हाताची करंगळी आखूड, त्यामुळे खालचा सूर केसभर उशिरा यायचा. नखं वाढवू नकोस म्हणून मी ओरडायचे, पट्टीवर टकटक वाजतात. तिच्या त्या हाताला जमेल अशी एक छोटी चाल मी रचली होती. कागदावर कधी उतरवली नाही. ती फक्त आम्हा दोघींना येत होती.

एकोणिसाव्या वर्षी ती म्हणाली, मुंबईला जाऊन परीक्षा देते, पुढे हेच करते. घरात स्थळ बघणं चाललं होतं. एका संध्याकाळी दिपेशशेठ क्लासला आले, खिडकीशी उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुमचा ऐकंल ती. सांगा, तुला नाय जमनार. मंग तीच सोडंल." जाताना खोलीभर नजर फिरवून म्हणाले, जागा चांगली आहे तुमची.

गुरुवारी तिने ती चाल वाजवली. सुंदर वाजवली. संपल्यावर नेहमीसारखी हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "तेजू, तुझ्या बोटांत ते नाही. उगाच वर्षं घालवू नकोस."

तिने एकदाच विचारलं, "खरंच, मॅडम?"

मी म्हटलं, खरंच.

चार महिन्यांत लग्न झालं. दीड वर्षात ती गेली. सासरी, बाथरूममध्ये पाय घसरून, असं सगळ्यांनी सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं. मी मयताला गेले तेव्हा बोटं झाकलेली होती. बरं वाटलं मला. असं बरं वाटावं, याची लाज अजून जात नाही.

तर पियानो चिखलोलीला आला. वास्तुशांतीला दीडशे माणसं. अल्पेशने टॅबलेटवरून गाणी लावली, पट्ट्या हलल्या, बायकांनी पोरांना कडेवर उचलून दाखवलं. शेठ गर्दीत मधोमध उभे होते आणि कोणीतरी विचारलं की सांगत होते, शिकायची कटकटच नाय.

दहा-बारा दिवसांनी भावनाचा फोन आला. दुपारी तीनच्या आत या, एवढंच बोलली.

मी गेले. बाहेर रखरखीत ऊन, अर्धवट टॉवरांची हिरवी जाळी हलत होती, मोरिवलीकडून कारखान्यांचा आंबट वास येत होता. बंगल्यात मात्र गार अंधार होता. पडदे ओढलेले. शेठ साइटवर होते, घरात दुसरं कोणी नव्हतं. भावनाने मला सोफ्यावर बसवलं, पियानोच्या मागे गेली आणि वायर ओढत परत आली. प्लग तिने माझ्या हातात दिला.

"धरून ठेवा," म्हणाली. "मंग बोलाल, करंट होता."

आम्ही बसून राहिलो. फ्रिजची घरघर थांबली. कुठेतरी लांब गोणी आपटल्यासारखा आवाज झाला, मग तोही नाही. प्लगच्या पितळी पिना माझ्या तळव्यात रुतत होत्या. खोबरेल तेलाचा वास आला, शाळेत जाणाऱ्या मुलीच्या डोक्याला असतो तसा. भावनाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिलाही तो येत होता.

मग पट्ट्या खाली गेल्या.

तीच चाल. मी शिकवल्याशिवाय कोणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं अशी ती चाल, सावकाश, जरा जपून. डाव्या हाताचा खालचा सूर... केसभर उशिरा. मी मनाला सांगत होते, यंत्रात काही उरलेली वीज असेल, काही असेल. पण यंत्र पट्टीला मागून उचलतं. पुढून तिला कोणी शिवत नाही. आणि मला ऐकू येत होतं... सुरांच्या आधी, अगदी बारीक... नखांची टकटक.

चाल संपली. शेवटचा सूर बराच वेळ हवेत राहिला, कारण उजवीकडचं पायपेडल दाबलेलंच होतं. मग तेही हळूच वर आलं.

पुढे काहीच झालं नाही. आणि ते काहीच न होणं भयंकर होतं. त्या स्टुलावर कोणी नव्हतं, तरी कोणीतरी हात मांडीवर ठेवून वाट बघतंय, हे मला स्वच्छ कळत होतं. आठ वर्षं मी ते बघितलं होतं.

भावनाला भीती वाटत नव्हती. तिचा चेहरा उजळला होता. हळू आवाजात तिने सांगितलं की रोज येते, याच वेळेला. वाजवते, आणि मग अशी थांबते. मला त्यातलं कळत नाही, मी छान म्हणते, पण तिला माझं नको असतं. म्हणून तुम्हाला बोलावलं.

"तुमी सांगा तिला," ती म्हणाली. "चांगला वाजवलान ना?"

मला तेवढंच म्हणता आलं असतं. छान वाजवलंस, बाळा, आणि दार ओढून निघून जायचं. पण ज्या माणसाला एकदा खोटं सांगितलं त्याला आता नुसतं खरं सांगून भागत नाही, आधीचं खोटं होतं हेही सांगावं लागतं. मी स्टुलाकडे बघून म्हटलं, "छान वाजवलंस. तेव्हाही छानच वाजवलं होतंस. मी खोटं बोलले, तेजू."

स्टूल करकरलं. कोणी उठावं तसं नाही. कोणी माझ्याकडे वळून बसावं तसं.

भावनाने विचारलं, काय खोटं. मी सगळं सांगितलं. खिडकीशी उभे राहिलेले शेठ, खोली, माझी भीती, त्या मुलीचा एक प्रश्न. भावनाला इतकी वर्षं वाटत होतं की पोरीनेच कंटाळून सोडलं. तिने स्वतः त्यावरून मुलीला टोमणे मारले होते. आठ वर्षं फुकट घालवलीस म्हणून.

ती उठली. माझ्या हातातून प्लग काढून घेतला.

"तुमी दोगांनी," ती म्हणाली, "मिलून." आणि मला दार दाखवलं.

त्याच आठवड्यात ती बदलापूरकडे भावाच्या गावी निघून गेली, ती परत आली नाही. शेठांनी माझ्या खोलीला कुलूप लावलं. जी खोली राखण्यासाठी मी ते वाक्य बोलले होते, ती तशीही गेलीच. दोनदा ते स्वतः दुपारी हॉलमध्ये बसून राहिले म्हणे, पियानो वाजला नाही. बायकोचं डोकं फिरलं असं त्यांनी नातेवाइकांत सांगितलं आणि पियानो दुकानाला परत देऊन टाकला. त्या जागी आता माशांची मोठी काचपेटी आहे. लोक तिचेही व्हिडिओ काढतात.

इथे संपलं असतं तर मी दुसरी खोली बघून शिकवत राहिले असते. पण मागच्या महिन्यात अल्पेशचा फोन आला. पियानो भिवंडीजवळ त्यांच्या गोडाऊनमध्ये आहे, कापडात गुंडाळून, पट्ट्या बांधून. विकण्याआधी मेमरी साफ करायला त्याने उघडला, तर आत रेकॉर्डिंग सापडली. चिखलोलीची सगळी सव्वातीनची, एकाच माणसाने वाजवलेली. तेवढं तो समजू शकत होता, घरातलं कोणी वाजवत असेल. शेवटचं मात्र गोडाऊनमधलं होतं, दोन दिवसांपूर्वीचं.

तो चाचरत म्हणाला, "मॅडम, यात चार हात आहेत. खालचे दोन तेच, हलके. पण वर कोणीतरी साथ करतंय... जड हात आहे. शिकवणाऱ्या माणसाचा. तुम्ही गुरुवारी दुपारी इथे आला होतात का?"

मी नाही म्हटलं. आणि ते खरं आहे. गुरुवारी दुपारी मी इथे, याच खाटेवर झोपले होते. जाग आली तेव्हा साडेचार होऊन गेले होते, आणि दोन्ही मनगटं ठणकत होती.