इंजिनापासून दुसरा डबा

"शुभांगी, आपलं इंजिन पळालं!"

तेजस्विनीने खिडकीतून आत डोकं घेतलं. मनमाडला गाडी थांबून पाचच मिनिटं झाली होती आणि इंजिन डबे तिथेच सोडून एकटंच पुढे निघालं होतं!

"असं कसं पळेल? चल, बघू या!" शुभांगी उठलीच.

दोघी मावसबहिणी. शुभांगीचा धाकटा भाऊ अश्विन मात्र जागचा हलला नाही. वाल्मीकमामाचा फोन त्याच्या हातात होता आणि गेम रंगात आला होता. येवल्याहून घेतलेली पैठणीची पिशवी त्याने सीटवर ठेवली होती आणि तो तिच्यावरच बसला होता. नांदगावला योगिनीमावशीचं लग्न होतं. मामा वडे आणायला उतरताना तीनदा बजावून गेला होता, "इंजिनापासून दुसरा डबा, विसरू नका!"

फलाटाच्या टोकाला रेल्वेचे कर्मचारी नवनाथकाका हिरवी झेंडी गुंडाळत उभे होते. इंजिन त्यांनीच सोडवलं होतं.

"काका, गाडी बिघडली का?"

"बिघडेल कशाला? कुठे निघालात?"

"येवल्याहून नांदगावला."

"मग झालं तर! या दोन्ही लाइनी स्टेशनच्या एकाच टोकाला फुटतात. ज्या बाजूने आलात, त्याच बाजूने परत बाहेर पडायचं."

"मग इंजिनाने मागे ढकलायचं ना डबे!" तेजस्विनी म्हणाली.

"आणि ड्रायव्हरला एवढ्या डब्यांपलीकडचा सिग्नल दिसणार कसा? तू पाठमोरी चालत शाळेत जाशील का?"

"मग इंजिन काय डब्यांवरून उडी मारणार?" शुभांगीने विचारलं.

काका खो खो हसले. "उडी नाही, तिरकी वाट! तो दोन लाइनींना जोडणारा तिरका रूळ दिसतोय? तो क्रॉसओव्हर. इंजिन आधी पुढच्या मोकळ्या साइडिंगच्या रुळावर गेलं. आता रूळ वळवणारे काटे बदलले, की त्या तिरक्या रुळावरून शेजारच्या लाइनीवर येईल आणि सरळ गाडीच्या शेपटाकडे जाईल. तिकडेही असाच एक क्रॉसओव्हर आहे."

"म्हणजे शेपटाचं तोंड होणार!"

"हुशार आहेस!"

असले प्रश्न तेजस्विनी पूर्वी बाबांना विचारायची. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, आता ती स्वतःच उत्तर शोधायची. इंजिन भोंगा देत शेजारून गेलं, पार दिसेनासं होईपर्यंत ती बघत राहिली.

दोघी डब्यात परतल्या. अश्विन एकटाच!

"मामा कुठाय?"

"आलाच नाही अजून. मला भूक लागलीये!"

गाडी सुटायला सात मिनिटं होती. मामा गेला कुठे? तेजस्विनीने खिडकीबाहेर पाहिलं. पुढे इंजिनाच्या जागी नुसते मोकळे रूळ. इंजिन तर आता…

"अगं बाई! मामा डबा इंजिनापासून मोजतो!"

"मग?"

"इंजिन आता त्या टोकाला आहे! आणि जनरलचे डबे दोन्ही टोकांना असतात, अगदी एकसारखे! पळ!"

दोघी अख्खा फलाट पळत सुटल्या. दुसऱ्या टोकाला, इंजिनापासून दुसऱ्या डब्यात गर्दी जमली होती. मध्ये वड्यांचा पुडा हातात घेऊन मामा ओरडत होता, "पोरं गायब! पैठणी गायब! आणि माझ्या जागेवर ही बाई!"

ती बाई म्हणजे सगुणाबाई गाठोडं पोटाशी धरून रडकुंडीला आल्या होत्या. "मी चोर नाय हो! आत्ताच चढले. नांदगावला लेक दवाखान्यात अडलीय. तिच्यापाशी बाईमाणूस कुणी नाय. ही गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत तिथं थांबणारी दुसरी नाय!"

"आधी खाली उतरा. चौकशी झाली की जा," रेल्वे पोलिसांचे हवालदार म्हणाले.

"मामा, थांब!" तेजस्विनीला धाप लागली होती. "हा आपला डबा नाही!"

"मला शिकवतेस? इंजिनापासून दुसरा! मी मोजलाय!"

"मोजलास बरोबर, पण इंजिनच त्या टोकाचं या टोकाला आलंय! हवालदारकाका, तुमचा फोन द्या ना."

हवालदारांनी फोन दिला. तिने मामाचा नंबर लावला, स्पीकर चालू केला.

"कोण आहे? मध्येच फोन केला, मी हरलो ना!" अश्विन करवादला.

"अश्विन, पैठणी कुठाय?"

"माझ्या बुडाखाली! आणि मामाला म्हणावं, वडे आण!"

सगळा डबा हसला. मामाचा चेहरा मात्र पडला. तेवढ्यात भोंगा वाजला. मामाने खिडकीजवळची जागा पुसली आणि हात जोडले. "ताई, चुकलो मी. बसा. गाठोडं द्या इकडे." मग फोनवर ओरडला, "अश्विन, नांदगावपर्यंत जागचा हलू नकोस!"

हवालदार फोन खिशात टाकत म्हणाले, "पोरी, मी रोज इंजिन फिरताना बघतो. पण हे माझ्या डोक्यात आलं नाही. शाबास!"

वाटेत सगुणाबाईंनी गाठोडं सोडलं. आत मऊ दुपटी होती आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. त्यांनी एक लाडू तेजस्विनीच्या हातावर ठेवला.

"अहो, हा बाळंतिणीचा!"

"तिला एक कमी पडला तर चालंल. आई कमी पडली नसती चालली."

नांदगावला मामा गाठोडं घेऊन आधी उतरला, तर दोघी पलीकडच्या टोकाला अश्विनला आणि पैठणीला उतरवून घ्यायला पळाल्या. फलाटावर सगुणाबाईंचा जावई जीवन धावतच आला.

"मामी, बरं झालं आलात! अजून सुटका नाय झाली. सारखी विचारतीय, आई आली का, आई आली का."

सगुणाबाईंनी पदर खोचला आणि त्या अशा झपाझपा निघाल्या, की गाठोडं घेऊन मागे धावताना मामाची पुरती दमछाक झाली.