आईच्या गाडीला कॅमेरे

"थांबा! अहो, थांबा!"

कुणीतरी डिकीवर धडाधड थापा मारल्या. आईनं ब्रेक दाबला, पण तोवर मागच्या चाकाखाली काहीतरी कडकन मोडलं होतं. शेजारी बसलेली लेक तणतणत खाली उतरली. वाचनालयाच्या पार्किंगमध्ये एक उंच, किडकिडीत माणूस ओणवा होऊन चाकाखाली बघत होता. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा मोठा फळा दोन तुकडे होऊन पडला होता.

"पार्किंगमध्ये कुणी बुद्धिबळ मांडतं का?" ती म्हणाली.

"हा फळा समोर ठेवून गाड्यांचे कॅमेरे जुळवतात," तो शांतपणे म्हणाला. "तुमच्या गाडीला मागे कॅमेरा असता, तर दिसला असता."

लेक दातांची डॉक्टर होती. दिवसभर तिच्यापुढे माणसं तोंड वासून गप्प पडलेली असत. उलट उत्तर ऐकायची तिला सवयच नव्हती. ती काही बोलणार, तोच आईनं काच खाली केली.

"जुन्या गाडीला बसतात का हो असले कॅमेरे?"

मानेच्या ऑपरेशननंतर आईला मान वळवून मागे बघता येत नव्हतं. गाडी विकून टाक, असा लेकीनं महिनाभर धोशा लावला होता. पण नवरा गेल्यावर घरात कोंडून घेतलेली आई याच दहा वर्षांच्या इलेक्ट्रिक गाडीतून पुन्हा बाहेर पडायला लागली होती. गाण्याचा क्लास, मैत्रिणी, वाचनालय... सगळं त्या चार चाकांवर.

"बसतात," कॅमेरेवाला म्हणाला. "चार दिवसांत देतो."

चार दिवस! तीन आठवडे झाले, तरी लेकीच्या त्याच्या वर्कशॉपला फेऱ्या चालूच होत्या. पहिल्यांदा गाडी दर वळणावर किंचाळली. दुसऱ्यांदा कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा पडदा काळाठिक्कर. तिसऱ्यांदा तर भररस्त्यात विजेच्या खांबाची सावली बघून गाडीनं आपणहून करकचून ब्रेक मारला, आणि कपातली कॉफी डॉक्टरच्या पांढऱ्या कोटावर.

"सावली होती हो! नुसती सावली!" ती वर्कशॉपमध्ये शिरत कडाडली.

"नव्या कॅमेऱ्यांची भाषा जुन्या गाडीला कळत नाही. म्हणून मध्ये एक दुभाषा बसवलाय..."

"तो दुभाषा वेंधळा आहे. मालकासारखाच."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर वंगणाचा डाग सुरकुतला, आणि आपण तो डाग बघत उभ्या आहोत हे लक्षात येऊन ती आणखीच चिडली.

चौथ्या फेरीला तो शेजारी बसून गाडी तपासायला निघाला. रिमझिम लागली. कॅमेऱ्याच्या भिंगावर थेंब साचले आणि गाडीनं पुन्हा भोकाड पसरलं. तिनं गाडी कडेला घेतली. तो खाली उतरून शर्टाच्या टोकानं भिंग पुसायला लागला.

"अहो, काय करताय! चरे पडतील." तिनं पर्समधला गॉजचा मऊ तुकडा काढून खिडकीतून पुढे केला.

त्यानं तो घेतला. बोटांना बोटं लागली... जरा जास्तच वेळ लागली.

"तुम्ही स्टिअरिंग फार घट्ट धरता," तो म्हणाला. "गाडी पळून जाणार नाहीये."

"माणसं जातात," ती पटकन बोलून गेली. मग काचेवरचे थेंब बघत राहिली. त्यानं पुढे काहीच विचारलं नाही. त्याचं ते न विचारणं तिला दोन दिवस छळत होतं.

सहाव्या फेरीला आईही बरोबर होती. त्यानं हात पुसत सांगितलं, "आपोआप लागणारा ब्रेक मी काढून टाकलाय. या गाडीत तो भरवशाचा होणार नाही."

"आणि हे आज सांगताय?" तिचा आवाज चढला. "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"तुमच्या आईंनी तेव्हा विचारलं होतं, मी एकटी चालवू शकेन ना? नाही म्हणायला जीभ रेटेना. चूक झाली माझी." तो आईकडे वळला. "मागचं, बाजूचं सगळं स्वच्छ दिसेल. जवळ काही आलं तर गाडी सांगेल. पण ब्रेक तुम्हीच दाबायचा."

"अरे, मग तीस वर्षं काय करतेय मी?" म्हणत आई गाडीत बसलीसुद्धा.

त्यानं आवारात चार पिंपं मांडली. आईनं पडद्याकडे बघितलं आणि गाडी मागे घेतली... हळूच, वळवत, पिंपांच्या मधोमध. लेकीनं मुठीत काहीतरी घट्ट धरलं होतं. ती त्याची बाही होती, हे तिला फार उशिरा कळलं.

"मी मैत्रिणीकडे जाऊन येते गं!" आईनं खिडकीतून हात हलवला आणि गाडी सरळ फाटकाबाहेर काढली.

"आई! अगं, मी इथे आहे!"

गाडी आवाज न करता कोपऱ्यावर वळली.

"बघितलंत? मला इथेच टाकून गेली!" लेक म्हणाली. डोळे मात्र भरून आले होते. ते पुसायला तिनं बाही सोडली.

"मी सोडतो घरी," तो म्हणाला. मग उगाचच एक पान्हा उचलला, जागेवर ठेवला, पुन्हा उचलला. "काम संपलं ना... म्हणजे उद्यापासून तुम्ही भांडायला येणार नाही. मला ते... म्हणजे बॅटरी तर चांगली आहे, पण तुम्ही म्हणत असाल तर एकदा चाकंही..."

"चाकांना काय झालंय?"

"काही नाही."

"मग?"

"मग... तेच."

गेले तीन आठवडे तिनं या माणसाकडून प्रत्येक तारेचं, प्रत्येक स्क्रूचं पुराण ऐकलं होतं. आणि आता, नेमकं आता, त्याचं तोंड शिवलं गेलं होतं! तिनं कपाळावर हात मारला, त्याच्या हातातला पान्हा काढून घेतला आणि समोर उभी राहिली.

"तुला मी आवडते, एवढं सांगायचंय ना? मग सांग की! सगळं मीच बोलायचं का?"

"आवडतेस," तो म्हणाला. "फार."

"हं," ती म्हणाली. "आता चल. भूक लागलीये मला."