निरोगी माणसाची नळी

भाताची कापणी सुरू झाली की राजूरच्या आमच्या दवाखान्यात घोणस चावलेली माणसं येतात, आणि त्यांचा निकाल काचेच्या एका साध्या नळीत लागतो. नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकी करायची. गोठलं तर बरं. पाण्यासारखं वाहिलं, तर विष कामाला लागलं आहे. विषातली विकरं रक्त गोठवणारी द्रव्यं फस्त करतात आणि स्वतः मात्र संपत नाहीत. या चिवटपणाचं मला कौतुकच वाटत आलंय. शेजारी मी निरोगी माणसाच्या रक्ताचीही नळी ठेवते, म्हणजे काचेनं दगा दिला तर कळतं.

त्या दुपारी भीमाबाई आली. पोटरीवर दातांच्या दोन खुणा, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. सोबत नवरा, पुंजाराम. निरोगी म्हणून रक्त त्याचंच घेतलं.

भीमाबाईचं रक्त छान गोठलं. पुंजारामचं वाहिलं.

"सिस्टर, नळ्या साबणानं धुतल्या का?" मी निकिता सिस्टरांवर खेकसले. साबणाचा अंश राहिला तर रक्त गोठत नाही. त्यांनी मुकाट्यानं कोऱ्या नळ्या काढल्या, नावं मी स्वतः चिकटवली.

पुन्हा तेच.

पुंजारामच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं. मी त्याला नखशिखान्त तपासलं. दंश कुठेच नव्हता.

"तुम्हाला कधी चावला?"

"मला न्हाई चावला. हिच्यावरनं तांब्याभर पानी उतरवलं आन मी पेलो. आमच्या घरात करत्यात तसं."

"पाण्यानं विष उतरत नाही."

"व्हय," तो म्हणाला. वाद घालायचा त्याचा इरादाच नव्हता.

मी प्रतिविष काढलं, तेव्हा मात्र त्यानं हात मागे घेतला. "नगं बाई. माझ्यातनं काढलं तर हिच्याकडं माघारी जाईल. पोटात लेकरू हाय तिच्या."

मला राग आला आणि भीतीही वाटली. डोळ्यांदेखत माणूस जाऊ द्यायचा? मी खाटेवर बसून त्याला समजावलं. प्रतिविष विषाला जागच्या जागी पकडतं, निकामी करतं. ते कुठे जात नाही.

"कुटं तरी जाईलच की."

भीमाबाईनं मान डोलावली, तेव्हा त्यानं हात पुढे केला.

संध्याकाळी पुन्हा नळ्या लावल्या. आधी भीमाबाईची तिरकी केली. गोठलेलं. माझा जीव भांड्यात पडला.

पुंजारामचंही गोठलेलं.

तिसरी नळी या वेळी माझ्या रक्ताची होती.

ते काठापर्यंत वाहत आलं.

माझ्या हाताला सुई टोचली होती तिथला कापूस लाल झाला होता. पुंजाराम सावकाश उठला, आणि भीमाबाईची खाट दोन्ही हातांनी ओढत माझ्यापासून लांब, भिंतीकडे घेऊन गेला.