एका कांडीवर दोन तारा

काउंटरवर अंथरलेल्या पांढऱ्या रुमालावर एकोणीस वस्तू होत्या. लोखंडी पत्रा एक, गिटारच्या तारा ज्यांवर टेकतात त्या पितळेच्या कांड्या तीन, त्यांना मागेपुढे सरकवणारे लांब स्क्रू तीन, कांड्यांची उंची ठरवणारे बारीक स्क्रू सहा, पत्रा लाकडाला धरून ठेवणारे स्क्रू चार आणि स्प्रिंगा दोन. स्प्रिंगा तीन हव्या होत्या.

तिसरी निसटली त्याला पाच-सात मिनिटं झाली असतील. तेव्हापासून प्रशील गुडघ्यांवर बसून दुकानाची फरशी चाचपत होता. वृषालीला त्याची फक्त पाठ दिसत होती, आणि मानेवर रेंगाळलेला पितळेचा सोनेरी भुसा.

‘‘जरा पाय उचला,’’ तो खालून म्हणाला.

तिनं एक पाय उचलला, मग दुसरा. स्प्रिंग नव्हती.

धुळ्यातल्या रुपचंद नानांच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात ती आज पहिल्यांदाच आली होती, जळगावहून सकाळच्या एसटीनं, मांडीवर गिटार घेऊन. नाना आतल्या खोलीत पेटीचा भाता चिकटवत बसले होते, आणि गिटारचं काम पुतण्या बघतो, असं त्यांनी तिथूनच सांगून टाकलं होतं. आता पुतण्या टेबलाखाली होता.

‘‘स्प्रिंग पोलादाची आहे ना?’’ तिनं विचारलं.

‘‘हो.’’

‘‘मग जमिनीवर कशाला शोधताय?’’

तो उठला. पत्रा काढला असला तरी त्याखालचा, तारांचा आवाज पकडणारा पिकअप वायरींना धरून गिटारच्या पोटातच लोंबत होता. पिकअप म्हटला की लोहचुंबक आलाच. त्याच्या कडेला, वायरींच्या आड, स्प्रिंग निवांत चिकटून बसली होती. प्रशीलनं एकदा स्प्रिंगकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि कान लाल झाले तरी हसला.

आतून नानांनी विचारलं, ‘‘प्रशील, काय व्हयनं रे?’’

‘‘काही नाही नाना. हरवलेली स्प्रिंग गिऱ्हाइकानंच शोधून दिली.’’

‘‘मंग तिलेच बसाड दुकानवर.’’

मग त्यानं चहा मागवला, आणि वृषालीनं आपलं दुखणं सविस्तर सांगितलं. ती फिजिक्समध्ये एम.एस्सी. होती, कॉलेजात तासिकेवर शिकवायची आणि काकांच्या भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायची. गिटार तिच्या वडिलांची. जुन्या घडणीची, तीन कांड्यांची. भडगाव, पाचोरा, दोंडाईचा, सगळीकडचे मंडप त्या गिटारनं पाहिले होते. आता पार्टीचं पहिलं गाणं इथंच, धुळ्याच्या स्टुडिओत रेकॉर्ड व्हायचं होतं. पण चाचणीत रेकॉर्डिंगवाल्यानं मान हलवली. गिटार खाली बरी लागते, वरच्या पडद्यांवर बेसूर होते, म्हणाला. रविंद्रकाकांनी तिथंच ठरवून टाकलं: दुरुस्त झाली तर ठीक, नाही तर गाण्यामधले गिटारचे तुकडे कीबोर्डवर वाजवून घेऊ. वृषालीनं टाळ्या वाजवायला उभं राहावं.

टाळ्यांचं सांगताना तिचा आवाज जरा खाली गेला. प्रशीलनं कप खाली ठेवला.

तिनं पिशवीतून खोका काढला. नवा ब्रिज, म्हणजे कांड्यांसकट अख्खा पत्रा, सहा कांड्यांचा. तारा सहा आणि कांड्या तीन, म्हणजे दोन तारांना एकच कांडी. एकीची लांबी बरोबर केली की दुसरीची चुकते. सहा कांड्या केल्या की प्रश्नच मिटला. तिनं बोटानं काउंटरवर रेघा ओढून त्याला ते समजावलं. त्यानं मन लावून ऐकलं, मग नवा पत्रा उचलून गिटारच्या जागेवर ठेवला.

‘‘गणित बरोबर आहे. भोकं चुकतायत.’’

जुन्या पत्र्याला चार स्क्रू होते, नव्याला तीन, आणि एकही जुन्या भोकावर येत नव्हता.

‘‘मग पाडा की नवी.’’

‘‘पाडतो. पण पाडलेलं भोक काही परत भरून येत नाही... आधी आहे त्यावर प्रयत्न करू. या कांड्या कुणी लावल्या होत्या?’’

‘‘मीच. सूर मोजणारा ट्यूनर लावून. दर जोडीतली एक तरी तार अर्ध्या सेंटच्या आत आणली होती.’’ दोन शेजारच्या स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की त्यातला एक म्हणजे सेंट. ती हे त्याला सांगणार होती, पण त्याचा चेहरा बघून थांबली.

‘‘तारा कुठल्या होत्या तेव्हा?’’

‘‘ह्याच.’’

‘‘आणि ह्या कधी घातल्यात?’’

तिनं काढून ठेवलेल्या तारांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, ‘‘एप्रिलच्या कार्यक्रमांच्या आधी.’’

बाहेर डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. झिजलेल्या, गंजलेल्या तारेवर तिनं अर्ध्या सेंटपर्यंत मोजमाप केलं होतं. दोघं एकदमच हसले, आणि हसता हसता वृषालीला जाणवलं की आपण बऱ्याच दिवसांत असं, चूक सापडल्याच्या आनंदानं हसलो नव्हतो.

ती निघण्यापूर्वी त्यानं पत्रा जागेवर बसवला, जुन्याच तारा चढवल्या आणि तिला एक तुकडा वाजवायला सांगितला. ती वाजवत असताना तो गिटारकडे बघतच नव्हता. तिच्या डाव्या हाताकडे बघत होता.

पुढच्या रविवारी ती गिटार न्यायला गेली. नव्या तारा, घासून चकचकीत केलेल्या कांड्या. प्रशीलनं बाराव्या पडद्यावर एकेक तार दाबून ट्यूनर दाखवला. चार तारा जवळजवळ शून्यावर. मधल्या दोघींची, म्हणजे डी आणि जी या सुरांच्या तारांची, कांडी एक. तिथे डी दोन सेंट खाली, जी दोन सेंट वर. यापेक्षा चांगलं तीन कांड्यांत होत नाही, तो म्हणाला, आणि इतकं कानाला कळत नाही. तिला ते पटलं. एसटीत मात्र गिटारपेक्षा तिला त्याची बोटंच आठवत राहिली. तार दाबतानाही ती कशी अलगद ठेवायचा तो...

जळगावला विहाराच्या सभागृहात तालीम होती. दुसऱ्याच कडव्यात काकांनी हात वर करून गाणं थांबवलं. जीची तार पुन्हा चढत होती. काकांनी आवाज चढवला नाही. ते फक्त कीबोर्डवाल्या जितेंद्रकडे वळून म्हणाले, ‘‘तू तुकडे बसवून ठेव.’’ सगळ्यांच्या देखत.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ती पहाटेच्या गाडीनं निघाली. दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तिनं वाकून आत पाऊल टाकलं आणि गिटार काउंटरवर ठेवली.

‘‘बाराव्या पडद्यावर जीची तार आठ सेंट वर जाते. तुम्ही तर दोनच म्हणाला होतात.’’

प्रशीलनं ट्यूनर लावला. त्यानं स्वतः तार दाबली. दोन. मग गिटार तिच्याकडे दिली. तिनं दाबली. आठ.

‘‘तुमचा हात जड आहे,’’ तो म्हणाला. ‘‘या गिटारच्या तारा पूर्वी पडद्यांपासून खूप उंच असतील. तुम्ही त्यावरच शिकलात, जोर लावून. जोर लावला की तार ताणली जाते आणि सूर चढतो.’’

तिला ते लगेच कळलं. कळलं म्हणूनच राग आला, स्वतःचा. पण प्रशील अजून बोलत होता, नजर खाली, हातातला स्क्रूड्रायव्हर फिरवत.

‘‘मला हे... पहिल्याच दिवशी दिसलं होतं.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘तुमच्या हाताप्रमाणे लावून दिली असती तर तुम्ही परत आला नसतात. मला वाटलं, तुम्ही फोन कराल, मी एकदा बोलावीन... तालमीचं लक्षातच आलं नाही.’’

वृषालीनं त्याला शांतपणे सांगितलं की सभागृहात काय झालं. जितेंद्रनं तिचे तुकडे बसवले होते, आणि चांगले बसवले होते. आज दुपारी ती गिटार नुसती मांडीवर धरून बसणार होती, नाही तर टाळ्या.

आतल्या खोलीत नानांच्या पेटीचा एक सूर लागला आणि थांबला. प्रशीलचा चेहरा उतरला होता.

‘‘चुकलं माझं,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्हाला सहा कांड्या हव्या असतील तर आत्ता भोकं पाडतो. दुपारपर्यंत होईल. प्रत्येक तार वेगळी लावता येईल.’’

तिनं गिटारच्या लाकडाकडे पाहिलं. वडिलांच्या मनगटानं तिथला रंग एका बाजूनं विटला होता.

‘‘नको. तीनच राहू देत. मी तार दाबते, तुम्ही स्क्रू फिरवा. आणि आता मधे काही लपवायचं नाही.’’

हे काम एरवी एकट्याचं. त्या सकाळी ते दोघांनी केलं. ती तिच्या नेहमीच्या जोरानं पडदा दाबायची, तो पाव फेरा द्यायचा, कांडी केसभर मागे सरकायची; ती तार छेडायची, दोघं मिळून ट्यूनरच्या काट्याकडे बघायचे. डोकी जवळ आली होती. त्याच्या शर्टाला पितळेचा आणि साबणाचा वास येत होता. डी खाली गेली की ती ‘अंहं’ म्हणायची, तो पुन्हा पुढे घ्यायचा. राग कुठल्या पाव फेऱ्याला उतरला, हे तिला नंतरही सांगता आलं नसतं.

‘‘एवढा जोर लावता, बोटं दुखत नाहीत?’’ त्यानं विचारलं.

‘‘बघा.’’ तिनं बोटांची टोकं पुढे केली. घट्टे पडले होते. त्यानं एकावर अंगठा टेकवला, क्षणभर, आणि काढून घेतला.

दुपारी स्टुडिओत रविंद्रकाकांनी आधी जितेंद्रचा तुकडा ऐकला, मग तिचा. मग पुन्हा तिचा लावायला सांगितला. काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्यानं अंगठा वर केला. काका जितेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘भाऊ, तू आपला कीबोर्डवरचा बासरीचा आवाज सांभाळ.’’ आणि वृषालीला म्हणाले, ‘‘पुढं बस. माइकजवळ.’’

संध्याकाळी पार्टीची गाडी जळगावला निघाली. ती मागून एसटीनं येते म्हणाली. काकांनी कारण विचारलं तेव्हा गिटारचं थोडं काम राहिलंय, असं सांगितलं.

प्रशील दुकानाच्या पायरीवरच उभा होता. झालं का, असं त्यानं नुसत्या भुवयांनी विचारलं.

‘‘झालं. गाण्यात गिटारच आहे.’’

त्यानं इतका मोठा श्वास सोडला की तिला हसू आलं. मग दोघंही आत येऊन काउंटरच्या दोन बाजूंना उभे राहिले.

‘‘परत यावं असं वाटत होतं,’’ ती शेवटी म्हणाली, ‘‘तर ‘या’ म्हणायचं होतंत. मी आले असते. काम नसतं तरी.’’

‘‘तेव्हा एवढी हिंमत नव्हती.’’

‘‘आणि आता?’’

त्यानं आतल्या खोलीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. ‘‘मला तुम्ही आवडता, वृषाली. पुढच्या रविवारी मी जळगावला येऊ? नानांना घेऊन... तुमच्या वडिलांना भेटायला.’’

तिनं गिटार काउंटरवर ठेवली. वांग्याचं भरीत खाता का, एवढं विचारलं. तो हो म्हणाला.

‘‘मग या. पण पहिल्या खेपेला एकटेच. नाना दुसऱ्या खेपेला. मला आधी तुमच्याशी पुष्कळ बोलायचंय.’’

आतून नाना म्हणाले, ‘‘माले बठ्ठं ऐकू येस.’’

वृषालीनं तोंडावर ओढणी धरली. प्रशीलनं घाईघाईनं ट्यूनर पुढे ओढला आणि उगाच म्हणाला, ‘‘थंडीनं तारा हलल्या असतील. एकदा बघून घेऊ.’’

तिनं बाराव्या पडद्यावर बोट ठेवलं आणि तार छेडली.

सकाळी दोन सेंटवर लावलेली जीची तार, अकरा सेंट वर. थंडीनं नव्हे, तिच्या बोटाचाच जोर वाढला होता.