संत्र्याच्या पेट्यांची पकड

शालूच्या गाडीला हॉर्न वाजवावाच लागत नसे. ड्रायव्हरची सीट खड्ड्यागणिक जुन्या खाटेसारखी अशी कुरकुरे, की अमरावतीची पोरं दुरूनच म्हणत, "खुशालरावाची बाज आली." शेंदूरजनाघाटचे, पण अमरावतीत घर केलेले बागाईतदार खुशालराव यांना मोतीबिंदू झाला, म्हणून ही जुनी काळी गाडी लेकीच्या हाती आली होती. बासष्ट सालची गोष्ट. गाडी चालवणारी मुलगी म्हणजे आधीच तमाशा, त्यात ही सीट…

एका दुपारी डोमाजी मिस्त्रींच्या दुकानापुढे बैलगाडी आडवी आली. शालूने करकचून ब्रेक दाबला आणि सीट किंचाळली. दुकानातल्या एका मोटारीखालून एक तरुण हसत बाहेर आला.

"थांबा बाई. तिले कुठं दुखते ते पाहू द्या."

हा वलगावचा सूर्यभान. त्याने सीट काढली, रुळांना ग्रीस लावलं, नटांखाली जुन्या चपलेच्या चामड्याच्या चकत्या बसवल्या.

"आता हे बोलनार नाही," हात पुसत तो म्हणाला. "आता तुमी बोला."

"मी काहून बोलू?"

"गाडी चूप बसली का मानसाचं ऐकू येते… म्हनून म्हटलं."

शालूने नाक मुरडलं. घरी पोचेपर्यंत मात्र ती एकटीच हसत होती.

आठ दिवस सीट गप्प राहिली आणि शालूला काही करमेना. नवव्या दिवशी तिने संत्र्याच्या पेट्यांचे खिळे उपसायची पकड घेतली आणि सीटखालचा एक नट ढिला करून गाडी दुकानात नेली. लाज वाटत होती, पण हात थांबला नाही. सूर्यभानने नट आवळला, तो दोन गोष्टी बोलला, तिच्याकडे पाहून हसला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा दुकानात गर्दी होती. डोमाजी मिस्त्रींचा पारा चढला. "एक सीट धड बसवता येत नाही तुले? तुह्या हाताले यश नाही, सूर्यभान. सोमवारपासून अकोल्याले जा, माह्या भावाकडं ट्रक धुवाले." ते ऐकून एका वकिलांनी आपल्या गाडीची किल्ली सूर्यभानच्या हातातून काढून घेतली.

सूर्यभानने ढिला नट आवळला आणि शालूकडे एकदाच पाहिलं. "चुकलं, मिस्त्री," एवढंच तो म्हणाला.

आणि शालू? पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. त्या रात्री तिने ताट तसंच बाजूला सारलं. आपल्या हौसेपायी एका माणसाची भाकर गेली आणि आपण बघत राहिलो, या शरमेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी ती पकड घेऊन थेट दुकानात गेली. मिस्त्री होते, गिऱ्हाइकं होती, ते वकीलही होते.

"नट मी ढिले केले," ती म्हणाली. "तिन्ही डाव. या पकडीनं."

"काहून?" डोमाजींनी विचारलं.

कानशिलं तापली. मान वर होईना. "मले… इथं यायचं होतं. याले पाहाले."

सूर्यभानने खिशातून एक जुना नट काढून तिच्यापुढे धरला. त्याच्या कडांवर पकडीचे दात उमटले होते.

"दुसऱ्या डावालेच बदलला होता," तो हळूच म्हणाला. "मले मालूम होतं."

"मंग काल बोलले काहून नाही तुमी?"

"बोललो असतो तं तुमचं नाव गेलं असतं. माहं तं कामच गेलं."

शालूचे डोळे भरून आले. आता तर धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

डोमाजी खाकरले. वकिलांच्या हातातली किल्ली घेऊन त्यांनी ती सूर्यभानच्या तळहातावर ठेवली. "अकोला राहू दे," म्हणाले आणि उगाच आत निघून गेले.

"पकड इथंच ठेवतो मी," शालू म्हणाली.

"ठेवा. पन येत जा… काही न बिघडवता."

"बाबाले काय सांगू?"

शालूने डोळे पुसले, गाडीत बसली आणि खिडकीतून पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"खरं सांगतो," ती म्हणाली. "खोटं लई झालं माहं."

खड्ड्यांतून गाडी घराकडे गेली. सीट काही बोलली नाही.