वर्ग एकची शेड

कुपवाडच्या शेटे तार उद्योगात सकाळी सात वाजता चहाच्या आधी हातमोजे घातले जात. हाताची ऊब लागली की मनगटापाशी हिरवा ठिपका उमटे, आणि शेडमधल्या सगळ्यांचे ठिपके हिरवे झाल्याशिवाय एकही मशीन हलत नसे. कुणी मोजा काढून ठेवला आणि तो गार पडला, तर दहा सेकंदांत सगळी शेड बंद. चार वर्षांपूर्वी लोकांनी याला पोटभर नावं ठेवली होती. आता तो चष्म्याइतकाच अंगवळणी पडला होता.

त्याला जाणमोजा म्हणत. त्याच्या विणीत केसाहून बारीक संवेदी तंतू होते. तार कशी थरथरते, बोटं तिच्यापासून किती लांब आहेत, नाडी किती वेगानं चालली आहे, हे सगळं ते तंतू टिपत आणि कामगार भरपाई मंडळाच्या जोखीमगणक या संगणक-यंत्रणेला कळवत. पूर्वी तारेच्या कारखान्याला सरसकट एकच जोखीम-वर्ग मिळे. खिळे डब्यात भरणारी बाई आणि सळई डायच्या बारीक भोकातून ओढून तिची तार करणारा गडी, दोघं एकाच रांगेत. आता प्रत्येक हाताला स्वतःचा वर्ग होता, एक म्हणजे सुखरूप ते पाच म्हणजे सर्वांत धोक्याचा, आणि तो मिनिटागणिक बदलत असे. नोंदी साठल्या की त्यांवरून शेडलाही एक वर्ग मिळे. कल्पना चांगलीच होती. कुरबूर होती ती एका नियमाबद्दल: महिन्यात तीस तास वर्ग चार किंवा त्यावर गेले, की तो हात उरलेला महिना पॅकिंगला.

शर्वरी मगदूम मंडळाची वर्गीकरण अधिकारी होती. ती आज आली होती इलाही मुजावरांचा निकाल द्यायला. तेवीस वर्षं तार ओढणाऱ्या या माणसाचा उजवा हात तीन आठवड्यांपूर्वी तारेनं फाडला होता, आणि दोन बोटांना आता काही कळत नव्हतं. भरपाईचा अर्ज मात्र गणकानं परत पाठवला होता. नोंदीप्रमाणे अपघाताच्या वेळी, अकरा वाजून बारा मिनिटांनी, मुजावरांचा हात खिळ्यांच्या पॅकिंग टेबलावर होता. वर्ग एक, सुखरूप. म्हणजे इजा कामावर झालीच नव्हती. शर्वरीनं त्यावर सही केली, की पुढे दाद मागायला जागा नव्हती.

कँटीनमधल्या लांब टेबलाशी चौघं बसले. मुजावर हात गळ्यात अडकवून, शेजारी पॅकिंगची शोभा आवटी, आणि समोर मालक पद्माकर शेटे.

"माणूस सोन्यासारखा आहे, मॅडम," शेटे म्हणाले. "पण मशीन खोटं बोलत नाही."

शेट्यांचा मशीनवर फार विश्वास. मशीन त्यांच्या सोयीचं बोलत असलं की तो जरा जास्तच.

शर्वरीनं टॅब टेबलावर ठेवला. "शोभाताई, अकरा बाराला तुमची नाडी ब्याण्णव होती. मुजावरचाचांचीही ब्याण्णव. मिनिटभरानं तुमची एकशे चौदा झाली, त्यांचीही एकशे चौदा. ठोक्याला ठोका लागून. दोन माणसांची हृदयं अशी चालत नाहीत."

शोभानं मुजावरांकडे पाहिलं. ते मान हलवून नको म्हणत होते.

"आता किती दिवस गप बसू, चाचा?" ती म्हणाली. "मॅडम, मोजा माझ्याकडं होता. माझ्या मोज्यावर त्यांचा घातला होता. तिकडं आरडाओरडा झाला तवा माझ्या छातीत धडधडाय लागलं, तीच ही नाडी."

"तिला काय लिवू नका," मुजावर घाईघाईनं म्हणाले. "मीच सांगितलं हुतं तिला. काय असंल ते माझ्या नावावर घाला."

मग त्यांनी सांगितलं, आणि एकदा सांगायला लागल्यावर काही झाकलं नाही. तारेचं भेंडोळं फिरत्या स्टँडवरून सुटताना मधेच एखादं वेढं दुसऱ्याखाली अडकतं. त्याला सगळे गुंता म्हणतात. मशीन पुरतं थांबवलं तर डायमध्ये तार तुटते आणि ती परत ओवण्यात अर्धा तास जातो. म्हणून तार सावकाश चालीवर ठेवून गुंता काढायचा, अशी इथली जुनी रीत.

"मोज्यातनं कळत नाही ओ. कुठलं वेढं वर, कुठलं खाली, ते उघड्या बोटालाच कळतंय. आणि मोजा घालून गुंता काढाय गेलं की वर्ग पाच लागतोय. पोरांचे तीस तास पंधरा दिवसांत संपायचे, निघाली पॅकिंगला. तार ओढायला शिकायची कधी त्यांनी? म्हणून म्हटलं, चारी मशिनींचा गुंता मी काढतो. मोजा शोभाकडं द्यायचा, दोन मिंटांत काम करून परत घालायचा."

"किती दिवस चाललं हे?"

"तीन वर्सं हुत आली."

शर्वरीला हे ऐकून राग यायला हवा होता. तिला वाटली ती भीती. तिनं या शेडची जुनी पानं उघडली आणि टॅब मुजावरांकडे वळवला.

"इथं बघा, चाचा. नोंदीप्रमाणे तुमच्या शेडमध्ये तीन वर्षांत एकही गुंता झालेला नाही. गणकानं हे पाहिलं आणि शेडला वर्ग एक दिला. वर्ग एकच्या शेडला स्टँडभोवती पिंजरा लागत नाही, म्हणून तो निघाला. आणि तार जास्त वेगानं ओढायची परवानगी मिळाली. सेकंदाला बारा मीटर होती, ती मार्चपासून अठरा."

"पण गुंता तर सावकाश चालीवर काढतात," शेटे म्हणाले.

"सावकाश चाल म्हणजे पूर्ण वेगाचा तिसरा हिस्सा. चाराची सहा झाली."

मुजावरांनी ते आकडे वाचले. हात फाटला तेव्हा ते रडले नव्हते, असं शेडमध्ये सगळे सांगत. आता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"वाटत हुतं मला, तार लवकर येतीया," ते म्हणाले. "म्हटलं, आपलंच वय झालं. म्हंजे स्पीड मीच वाढवला."

शर्वरीला खोटा धीर देता येत नसे. "वाढवला गणकानं. पण तो तुमच्याकडून शिकला. आणि आम्ही कधी इथं येऊन बघितलं नाही, हा दोष आमचा."

शेटे खुर्चीत पुढे सरकले. "मॅडम, यांनी मोजा काढला, नियम मोडला. मग भरपाई कशी बसते?"

"नियमात शब्द आहे हात, शेटेसाहेब. हात कोणत्या कामात होता, एवढंच मला ठरवायचंय. मोज्याच्या अपघाताचा अर्ज माझ्याकडे आलेला नाही." तिनं लिहिलं: इजा कामावर, तार ओढण्याच्या मशीनवर, वर्ग पाच. सही केली. "पिंजरा आज संध्याकाळपर्यंत परत बसेल. वेग बारा. पिंजऱ्याचं दार उघडलं की मशीन बंद पडलं पाहिजे. तार तुटली तर तुटू दे, अर्धा तास गेला तर जाऊ दे. आणि बोटांची टोकं उघडी राहतील असा मोजा विणता येतो का, ते मी मंडळाला विचारणार आहे. गुंता काढणाऱ्याला पॅकिंगला धाडायचा नियमही बदलावा लागेल."

ती हे करू शकेल याबद्दल तिला शंका नव्हती. बारा वर्षांत तिनं याहून अवघड नियम हलवले होते.

शोभानं मोठा सुस्कारा सोडला. मुजावरांचं मात्र समाधान झालेलं दिसेना.

"मॅडम, आमच्याकडनं शिकला म्हंता. शिकून गप बसला का तो? का दुसरीकडं बी गेला?"

शर्वरीला उत्तर ठाऊक होतं. गणक एका शेडमध्ये शिकलेलं तशाच दुसऱ्या शेडना लावत असे. तोच तर त्याचा मोठेपणा होता, आणि मंडळाच्या वार्षिक सभेत तिनं स्वतः त्याचं कौतुक केलं होतं. तिनं यादी काढली. जालना, बुटीबोरी, अंबड, वाळूज. कुपवाड धरून तार ओढणाऱ्या एकेचाळीस शेड वर्ग एकमध्ये होत्या, सगळ्यांचा वेग अठरा.

"आधी त्यांचं बगा," मुजावर म्हणाले. "माझं काय, झालं ते झालं."

तिच्या पदाला एक अधिकार होता आणि तो तिनं आजवर वापरला नव्हता. तिनं टॅबवरून एकेचाळीसही शेडचा वेग त्याच क्षणी बारावर आणला. शेट्यांनी कपाळाला हात लावला. कँटीनबाहेरचा मशिनींचा आवाज हळूहळू खाली आला, आणि शेडमधले लोक माना वर करून एकमेकांकडे बघू लागले.

मग तिनं यादीतला गुंत्याचा रकाना वाचला. सतरा शेडनी कुपवाडच्याही आधीपासून एकच आकडा कळवला होता: शून्य. इतके दिवस हा आकडा बघून तिला बरं वाटायचं.

तिनं पहिला फोन जालन्याला लावला. फोरमन मोकळ्या गळ्यानं बोलला, "वेग का उतरला, मॅडम? आपल्याकडं तर गुंता होतच नाही."

टेबलापलीकडून मुजावर तिच्याकडे बघत होते.

"ते नोंदीत झालं," ती म्हणाली. "मी शेडमधलं विचारतेय. तुमच्याकडे गुंता काढतं कोण?"